किडनी वाचली, आता नजरही वाचवू या

किडनी बदललेला माणूस गावी परतला की भेटायला येणारा प्रत्येक जण एकच विचारतो, "क्रिएटिनिन किती आलं?" शाळेची पायरी न चढलेल्या आजीलाही किडनीचं काम सांगणारा तो रक्तातला आकडा तोंडपाठ असतो. एखाद्या दशांशाने वर सरकला तरी घराची झोप उडते. टॅक्रोलिमस या औषधाची रक्तातली लेव्हल, बीपी, साखर, लघवीचं प्रमाण, सगळं वहीत तारीखवार लिहिलेलं असतं. एक रकाना मात्र त्या वहीत सहसा नसतो, तो डोळ्यांचा.

हा लेख त्या रकान्यासाठी आहे. अकोले ते जामखेड पसरलेल्या आपल्या चौदा तालुक्यांत ज्यांनी किडनी, यकृत किंवा अस्थिमज्जा बदलून नवं आयुष्य मिळवलं, त्या प्रत्येकाच्या डोळ्याचा पडदा ठरलेल्या वेळी तपासला गेला पाहिजे, आणि ती सोय अहिल्यानगर जिल्ह्यातच झाली पाहिजे. मागणी एवढीच आहे. ती लहान वाटेल, पण तिच्याकडे कानाडोळा केला तर जे जातं ते परत मिळत नाही.

पडदा उसना मिळत नाही

डोळ्याच्या आत, मागच्या भिंतीवर, एक पातळ थर असतो. त्याला आपण पडदा म्हणतो, डॉक्टर रेटिना म्हणतात. बाहेरचा उजेड त्यावर पडतो आणि तिथल्या पेशी त्याचे संदेश मेंदूला पाठवतात. हा थर मुळात मज्जासंस्थेचाच भाग आहे, म्हणून एकदा मेला की पुन्हा उगवत नाही.

किडनी आई देते, बायको देते, भाऊ देतो. मेंदूमृत झालेल्या अनोळखी माणसाचे नातलग दुःखातही मन मोठं करून यकृत देतात, हृदय देतात. मोतीबिंदू झाला तर नवं भिंग बसतं. नेत्रदानातून डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग, म्हणजे कॉर्निया, मिळू शकतो. पडदा मात्र आजच्या घडीला कुठल्याच रुग्णालयात कुणी कुणाला देऊ शकत नाही. एवढ्या मोठ्या शस्त्रक्रियेतून तरलेल्या माणसाच्या अंगात हा एक भाग असा आहे, जो आहे तोच जपावा लागतो.

जगात पहिली यशस्वी किडनी प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया १९५४ साली बोस्टनला झाली, ती जुळ्या भावांमध्ये. आपल्या देशात १९७१ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात पहिलं यश आलं. १९९४ मध्ये मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा झाला. २०१३ साली देशभरात पाच हजारांच्या आत असलेली अवयव प्रत्यारोपणं २०२३ मध्ये अठरा हजारांच्या वर गेली. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणासाठीची मर्यादा २०२३ च्या निर्णयाने अडीच लाखांवरून साडेचार लाखांवर नेण्यात आली. म्हणजे जे पूर्वी फक्त पैसेवाल्याला शक्य होतं, ते आता पाथर्डीच्या कोरडवाहू शेतकऱ्यालाही शक्य व्हायला लागलं आहे. ही आनंदाची गोष्ट आहे. पण अवयव बदलून जगणारी माणसं गावोगाव वाढत असतील, तर त्यांची पुढची काळजीही गावापर्यंत पोचायला हवी. शस्त्रक्रियेचा खर्च सरकारने उचलला आणि पुढे दोन वर्षांनी माणूस आंधळा होऊन घरी बसला, तर त्या खर्चाला अर्थ काय राहिला?

दबून बसलेला विषाणू

नवी किडनी शरीराला परकी वाटते. शरीराने ती नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन अशा गोळ्या घ्याव्या लागतात. या गोळ्या प्रतिकारशक्तीला मुद्दाम आवर घालतात. त्यांच्याशिवाय किडनी टिकत नाही, तेव्हा पुढचं वाचून कुणी एकही गोळी स्वतःच्या मनाने कमी करू नये, हे आधीच बजावून सांगतो. गोळी चुकवल्याने गेलेली किडनी हाही आपल्याकडचा एक मोठा घात आहे.

प्रतिकारशक्ती दबली की तिने दाबून ठेवलेले शत्रू डोकं वर काढतात. त्यातला पहिला म्हणजे सायटोमेगॅलोव्हायरस. डॉक्टर त्याला सीएमव्ही म्हणतात. कांजिण्या आणि नागीण ज्या कुळातल्या विषाणूमुळे होतात, त्याच कुळातला हा. आपल्याकडे बहुतेक प्रौढांच्या अंगात तो लहानपणीच शिरलेला असतो. तेव्हा बारीक ताप आलेला असतो किंवा तेवढंही जाणवलेलं नसतं. पण तो शरीर सोडून जात नाही, दबा धरून राहतो. कधी दात्याच्या अवयवाबरोबरही येतो. प्रत्यारोपणानंतर संधी मिळाली की तो रक्तात पसरतो, आतड्यांवर, फुप्फुसांवर, यकृतावर जातो आणि काही जणांत डोळ्याच्या पडद्यावर उतरतो.

उगाच घाबरवायचं नाही. प्रत्यारोपण झालेल्यांत पडद्यापर्यंत सीएमव्ही पोचणारे थोडेच असतात. एड्सवर चांगली औषधं येण्याआधीच्या काळात याच विषाणूने जेवढे डोळे घेतले, त्या मानाने इथे त्याचं प्रमाण पुष्कळ कमी आहे. पण थोडेच म्हणून दुर्लक्ष करावं, अशी ही गोष्ट नाही. उपचार न झाल्यास काही आठवड्यांत ते काही महिन्यांत नजर जाऊ शकते आणि एका डोळ्यातून सुरू झालेला आजार दुसऱ्यातही जाऊ शकतो.

तो कधी येतो, हे समजून घेण्यासारखं आहे. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही महिने धोका जास्त असणाऱ्यांना व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर नावाची प्रतिबंधक गोळी दिली जाते. साधारण तीन ते सहा महिने. गोळी चालू असते तोवर विषाणू गप्प असतो. कोर्स संपतो, घरच्यांना वाटतं आता सुटलो, रुग्णालयाच्या फेऱ्या विरळ होतात, आणि नेमक्या त्याच काळात तो उठू शकतो. तसंच किडनी नाकारली जाण्याची चिन्हं दिसून स्टिरॉइडचे मोठे डोस द्यावे लागले असतील, तर त्यानंतरचे महिनेही धोक्याचे. म्हणजे दवाखाना जेव्हा दूर जाऊ लागतो, तेव्हाच डोळ्यांत तेल घालून राहायचं असतं.

आतून काय दिसतं? पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांच्या कडेने पिवळट पांढरे डाग उमटतात, त्यांत मधेमधे रक्त सांडलेलं असतं. ऊसतोड झाल्यावर शेतात पाचट पेटवलं की आगीची कड हळूहळू पुढे सरकते आणि मागे काळं रान उरतं; पडद्यावर हा आजार अगदी तसाच सरकतो. जळलेला भाग कागदासारखा विरविरीत होतो, त्याला भोकं पडतात आणि मग राहिलेला चांगला पडदाही जागचा सुटू शकतो. सुटलेला पडदा बसवायची शस्त्रक्रिया करता येते, डोळ्यात सिलिकॉन तेल भरावं लागतं, पण पूर्वीची नजर पूर्ण मिळेलच असं नाही.

या सगळ्यात दुखत मात्र काहीच नाही, आणि घात होतो तो इथेच. पडद्याला वेदना कळत नाही. डोळा लाल होत नाही, चिकटत नाही, खुपत नाही. एका डोळ्याचं कमी झालेलं दुसरा डोळा भरून काढतो. "चष्म्याचा नंबर वाढला असेल," असं म्हणून माणूस महिना काढतो. मेडिकलमधून थेंब आणून घालतो. हे थेंब पडद्यापर्यंत पोचतही नाहीत, आणि त्यात स्टिरॉइड असेल तर आगीत तेल.

इलाज आहे, आणि तो वेळेवर केला तर चांगला लागू पडतो. गॅन्सिक्लोव्हिर हे औषध शिरेतून देतात, व्हॅलगॅन्सिक्लोव्हिरच्या गोळ्या देतात आणि डाग नजरेच्या मध्यापाशी आला असेल तर डोळा सुन्न करून बारीक सुईने थेट डोळ्यातही गॅन्सिक्लोव्हिर सोडतात. डोळ्यात इंजेक्शन म्हटलं की लोक हादरतात, पण ते काही मिनिटांचं काम आहे आणि अनेकांची नजर त्याने राहिली आहे. त्याचबरोबर किडनीचे डॉक्टर प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांचा डोस जपून कमी करतात. किती कमी, हा तारेवरचा तोल आहे, तो त्यांनीच सांभाळायचा.

सीएमव्ही एकटा नाही

डोळे तपासायचे ते एका विषाणूसाठी नाहीत. किडनी निकामी होण्याचं एक मोठं कारण मुळात मधुमेह. ज्या साखरेने किडनी खाल्ली तिने पडदाही पोखरलेला असतो. किडनी बदलली म्हणून पडद्यावरची गळती थांबत नाही. आणि ज्यांना आधी साखर नव्हती, त्यांनाही टॅक्रोलिमस आणि स्टिरॉइडमुळे प्रत्यारोपणानंतर मधुमेह लागू शकतो. अशा नव्या मधुमेहींना तर आपल्याला वर्षाला डोळे दाखवायचे असतात, हेच कुणी सांगितलेलं नसतं.

स्टिरॉइडमुळे पडद्याच्या मध्यभागाखाली पाणी साचू शकतं. सरळ रेघ वाकडी दिसते, मधोमध करडा डाग येतो, वाचताना अक्षरं लहानमोठी भासतात. स्टिरॉइडनेच मोतीबिंदू लवकर धरतो, डोळ्यातला दाब वाढून काचबिंदूही होऊ शकतो. बीपी आवरलं नाही तर पडद्यावर रक्तस्राव होऊ शकतो.

शेतकरी कुटुंबांनी लक्षात ठेवावं असंही काही आहे. बुरशी लागलेला कडबा, ओलसर भुसा, दमट कोंदट कोठीतलं धान्य यांत एका बुरशीचे कण उडतात. तिचं नाव अ‍ॅस्परजिलस. सशक्त माणसाला ती सहसा काही करत नाही. प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसाच्या फुप्फुसात ती रुजू शकते आणि रक्तातून डोळ्यातही उतरू शकते. मांजराच्या विष्ठेतून आणि कच्च्या मांसातून येणारा टॉक्सोप्लाझ्मा, आपल्या पाचवीलाच पुजलेला क्षय, यांचेही डाग पडद्यावर उठतात. तेव्हा किडनी बदललेल्या माणसाने कडब्याची गंजी उपसायचं काम दुसऱ्याकडे द्यावं. घरातल्यांनी ते आपणहून अंगावर घ्यावं.

डोळ्यांच्या डॉक्टरांना प्रत्यारोपणाची माहिती देणंही तितकंच गरजेचं आहे. बुरशीवरची काही औषधं टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी एकदम चढवतात. डोळ्यातला दाब उतरवायची एक नेहमीची गोळी कमजोर किडनीला सोसत नाही. दुखण्यावरच्या साध्या गोळ्याही किडनीला घातक ठरतात. गॅन्सिक्लोव्हिरचा डोस किडनीच्या कामावरून ठरवावा लागतो आणि त्यात पांढऱ्या पेशी उतरतात का, ते पाहावं लागतं. म्हणून चिठ्ठी लिहिण्याआधी दोन डॉक्टरांचं फोनवर बोलणं झालं पाहिजे. डोळा वाचवताना किडनी गमावली, असं होता कामा नये.

साखळी तुटते कुठे

आपल्या जिल्ह्यातल्या बहुतेकांचं प्रत्यारोपण पुणे, मुंबई, नाशिक किंवा छत्रपती संभाजीनगरला होतं. नगर शहरातून पुणं सुमारे १२० किलोमीटर. पण जिल्ह्याच्या टोकाच्या राजूरहून किंवा खर्ड्याहून निघणाऱ्याचा दिवस वेगळा असतो. टॅक्रोलिमसची पातळी मोजायची तर सकाळची गोळी न घेता रक्त द्यायचं असतं. म्हणून माणूस आदल्या रात्री निघतो किंवा पहाटेची एसटी धरतो. आठ-नऊला रक्त, मग गोळी, मग रिपोर्टची वाट, मग ओपीडीची रांग. दुपारी डॉक्टर रिपोर्ट बघतात, "छान आहे" म्हणतात, आणि मंडळी हायसं वाटून परतीच्या गाडीकडे पळतात.

आता याच दिवशी डोळे तपासायचे म्हटलं तर? बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घालायचे, अर्धा-पाऊण तास डोळे मिटून बसायचं, मग डॉक्टर डोक्याला दिवा बांधून, हातात भिंग धरून, वर-खाली, डावीकडे-उजवीकडे बघायला लावून पडद्याची कड न् कड पाहतात. पुढचे काही तास जवळचं दिसत नाही, उन्हात डोळे दिपतात, सोबत कुणीतरी लागतं. म्हणजे मुक्काम, म्हणजे आणखी एक दिवसाचा खर्च. साहजिकच ते "पुढच्या वेळी" वर जातं. पुढच्या वेळीही तेच.

दोष एकट्या रुग्णाचा नाही. किडनीचे डॉक्टर किडनी बघतात, तालुक्याचे डॉक्टर ताप-खोकला बघतात, डोळ्यांच्या शिबिरात मोतीबिंदू शोधला जातो. पडदा कुणाच्याच वाट्याला येत नाही. ज्याचं काम त्याचं नाव कागदावर नसेल तर ते काम होत नाही, हे सरकारी असो की खासगी, सगळीकडे सारखंच.

नगरजवळ काय नाही?

आपल्या जिल्ह्याला हे जमणार नाही असं कुणी म्हणू नये. लोणीला प्रवरेचं ग्रामीण रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालय आहे. विळद घाटात विखे पाटील फाउंडेशनचं महाविद्यालय आहे. नगरला जिल्हा रुग्णालय आहे, आनंदऋषीजी रुग्णालय आहे. शिर्डीला साईबाबा संस्थानची रुग्णालयं आहेत. १९५० साली प्रवरेकाठी शेतकऱ्यांनी एकत्र येऊन सहकारी साखर कारखाना उभा केला. त्यानंतर या जिल्ह्याने कारखाने, दूध संघ, पतसंस्था यांचं जाळंच विणलं. पैसा उभा करायची सवय इथल्या मातीला आहे.

आणि जामखेड तर आपल्याच जिल्ह्यात आहे. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे तिथे आले. डॉक्टर पोचत नाहीत तिथे गावातलीच बाई आरोग्य सांभाळू शकते, हे त्यांनी करून दाखवलं. गावाने निवडलेल्या, कित्येक तर अक्षरओळखही नसलेल्या बायका जामखेडला येऊन शिकल्या. बाळंतपणं, मुलांची वजनं, क्षय आणि कुष्ठरोगाच्या गोळ्या त्यांनी सांभाळल्या. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरातले लोक हे काम बघायला जामखेडला येऊ लागले. ज्या जिल्ह्यातल्या बायकांनी हे पेललं, तिथल्या आशाताईंना किडनी बदललेल्या माणसाचा एकेक डोळा झाकून कॅलेंडर वाचून घेणं अवघड आहे का?

प्रत्यारोपणानंतरचं आयुष्य कसं असू शकतं, याचं महाराष्ट्रातलं मोठं उदाहरण डोळ्यांच्याच क्षेत्रातलं आहे. लातूर जिल्ह्यातल्या माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, तेव्हा १९९५ मध्ये त्यांच्या आईने, अंजनाबाईंनी, त्यांना आपली किडनी दिली. त्या किडनीवर त्यांनी पुढे जे. जे. रुग्णालयात लाखाहून अधिक मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया केल्या. आईने दिलेली एक किडनी किती घरांत उजेड पोचवू शकते, हे त्यातून दिसतं. किडनी मिळालेला माणूस अर्धामेला नसतो. तो ट्रॅक्टर चालवतो, दुकान चालवतो, पोरं शिकवतो. पण त्यासाठी त्याला दिसलं पाहिजे.

काय करायचं

रुग्णांनी आणि घरच्यांनी करायचं ते असं. आठवडे बाजाराचा दिवस ठरवून टाका. भिंतीवरचं कॅलेंडर चांगल्या उजेडात, नेहमीच्या चष्म्यानिशी, ठरलेल्या जागी उभं राहून वाचा. आधी डावा डोळा तळव्याने न दाबता झाका, मग उजवा. गेल्या आठवड्यात दिसणारी तिथीची बारीक अक्षरं आज पुसट झाली का? दाराची चौकट सरळ दिसते का, की मधेच वाकते? वहीत खूण करा. डोळ्यापुढे अचानक काळे ठिपके, माशा, जाळं आलं, वीज चमकल्यासारखं झालं, बाजूने सावली चढत आली, मधोमध डाग पडला, तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पडद्याच्या तज्ज्ञाकडे जा. सोमवारची वाट बघू नका, अमावस्या जाऊ द्या म्हणू नका. दुकानातून थेंब आणू नका. आणि डॉक्टरांसमोर बसल्यावर पहिलं वाक्य हे असू द्या: "माझी किडनी बदललेली आहे, या गोळ्या चालू आहेत." पण कॅलेंडर वाचता आलं म्हणजे सगळं ठीक, असंही समजू नका. हा आजार पुष्कळदा पडद्याच्या कडेला सुरू होतो आणि तो बाहुली मोठी करून बघितल्यावरच दिसतो.

डॉक्टरांना विनंती. प्रत्यारोपणाआधी एकदा पडदा तपासून त्याची नोंद ठेवा. नंतर किती वेळा बघायचं ते रुग्णाच्या जोखमीवरून ठरवा. पण प्रतिबंधक गोळी थांबल्यानंतर, आणि किडनी नाकारली जाण्याच्या चिन्हांवर स्टिरॉइडचे मोठे डोस दिल्यानंतर, एकदा पडदा बघितल्याशिवाय राहू नका. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा तरी. डिस्चार्ज कार्डावर क्रिएटिनिनच्या खाली एक ओळ छापा: "डोळ्याचा पडदा तपासला, तारीख, सही." ही ओळ रिकामी दिसली की विचारणारा कुणीतरी निघेल.

जिल्ह्यातल्या मोठ्या रुग्णालयांना विनंती. प्रत्यारोपण झालेल्यांसाठी आठवड्यातून एक ठरलेली वेळ राखून ठेवा, रांगेशिवाय. रक्त तपासणी आणि पडदा एकाच दिवशी व्हावा. पडद्याचे फोटो काढणारे कॅमेरे आता तालुक्यापर्यंत नेता येतात. ते फोटो पुण्या-मुंबईच्या तज्ज्ञाला पाठवून मत घेता येतं. मात्र फोटोत पडद्याचा मधला भागच मोठ्या प्रमाणात येतो, म्हणून तक्रार असलेल्या रुग्णाला फोटोवर समाधान मानून परत पाठवू नका. त्याला प्रत्यक्ष तपासा.

आमदार, खासदार, जिल्हा परिषद आणि आरोग्य खात्याकडे मागणी. योजनेतून प्रत्यारोपणाचा खर्च मिळतो, तसा त्यानंतरच्या पडद्याच्या तपासणीचा, महागड्या व्हॅलगॅन्सिक्लोव्हिरचा आणि डोळ्यातल्या इंजेक्शनचा खर्च मिळण्याची स्पष्ट आणि स्वतंत्र तरतूद असू द्या. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राकडे आपल्या हद्दीतल्या प्रत्यारोपण झालेल्या माणसांची यादी असू द्या, आणि आशाताईंच्या कामात त्यांच्या डोळ्यांची चौकशी येऊ द्या. यादी गुप्त ठेवा. आजाराची चर्चा चावडीवर नको.

कारखाने, पतसंस्था, दूध संघ, लायन्स-रोटरीचे क्लब, गणेश मंडळं यांना विनंती. तुमची मोतीबिंदू शिबिरं चांगली आहेत, ती चालू राहू द्या. त्या शिबिरात नावनोंदणीच्या टेबलावर एक प्रश्न वाढवा: "किडनी किंवा दुसरा कुठला अवयव बदललाय का?" हो म्हणाला तर त्याला वेगळ्या रांगेत, पडद्याच्या तपासणीला. पुढच्या वर्षीच्या कमानीचा आणि डीजेचा खर्च एक वर्ष बाजूला काढा, चार मंडळं मिळून एका तालुक्यासाठी पडद्याचा एक कॅमेरा घ्या. जयंती-पुण्यतिथीच्या जाहिरातींतून तेवढी रक्कम निघते, हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे.

ज्यांच्या घरात कुणाची किडनी बदललेली नाही, त्यांनीही हे वाचून बाजूला ठेवू नये. आपल्या गल्लीत, भावकीत, पाहुण्यांत असा एखादा माणूस असतो. किडनी द्यायला त्याच्या घरातली आई किंवा बायको टेबलावर झोपलेली असते. आपल्याकडे किडनी देणाऱ्यांत बायकाच जास्त आहेत. एकाला जगवण्यासाठी दोघांच्या अंगावर शस्त्र चाललेलं असतं, त्या घराने जमीन गहाण टाकलेली असते, दागिने मोडलेले असतात. हे सगळं करून वाचवलेला माणूस निव्वळ एक तपासणी राहिली म्हणून आंधळा झाला, तर तो आपला सगळ्यांचा नाकर्तेपणा ठरेल.

म्हणून वाचकहो, आजच एक फोन करा. नात्यातल्या, ओळखीतल्या प्रत्यारोपण झालेल्या माणसाला क्रिएटिनिन विचारून झालं की पुढचा प्रश्न विचारा: "डोळ्याचा पडदा शेवटचा कधी तपासला?" उत्तर आठवत नसेल तर त्याच्याबरोबर तारीख ठरवा, सोबत जा, डोळ्यांत थेंब घालून बसल्यावर त्याच्या शेजारी बसा. सरकारी निर्णयाला वेळ लागेल, कॅमेरा यायला वर्ष लागेल. पण हा प्रश्न विचारायला कुणाची परवानगी लागत नाही. तो विचारायला सुरुवात करा, आणि आपल्या ग्रामसभेत, कारखान्याच्या वार्षिक सभेत, मंडळाच्या बैठकीत ही मागणी लेखी द्या.